महाराष्ट्रातली सहा राष्ट्रीय उद्यानं आणि तीन ऋतू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बहुतेकांचा जंगलाचा बेत वाघापासून सुरू होतो आणि मेच्या सुट्टीतल्या ताडोबावर येऊन थांबतो. त्यात चूक काही नाही. पण राज्यात आणखी पाच राष्ट्रीय उद्यानं आहेत, आणि वर्षाला आणखी अकरा महिने. म्हणून माझा सल्ला उलटा असतो: सुट्टी कधी मिळणार ते आधी सांगा, जंगल मग ठरवू. खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते आहेत. वेळापत्रक, शुल्क आणि नियम अधूनमधून बदलतात, त्यामुळे निघण्यापूर्वी वनविभागाच्या बुकिंगच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकाच.

महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्यानं किती आणि कुठे?

सहा. चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं, १९५५ चं. नागपूर जिल्ह्यात पेंच, गोंदिया जिल्ह्यात नवेगाव, अमरावती जिल्ह्यात मेळघाटातलं गुगामल. ही चारही विदर्भात. मुंबईच्या पोटात बोरिवलीचं संजय गांधी उद्यान. आणि सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी हे चार जिल्हे जिथे एकमेकांना भिडतात, तिथे सह्याद्रीच्या माथ्यावर चांदोली. ते २००४ मध्ये झालं, सहांत सगळ्यात धाकटं.

राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प हे सगळं एकच का?

नाही, पण एकावर एक बसलेलं असतं, म्हणून गोंधळ होतो. ताडोबाचंच घ्या. मूळ राष्ट्रीय उद्यान ११६.५५ चौरस किलोमीटरचं. त्याला लागून अंधारी अभयारण्य. दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्पाचं गाभा क्षेत्र आणि त्याभोवती बफर. बफरमध्ये गावं आहेत, शेती आहे, गुरं चरतात, आणि वाघही आहेत. प्रवाशाच्या दृष्टीनं कामाचा फरक एवढाच, की गाभ्याचे नियम कडक आणि बफरचे थोडे सैल. गाभ्यातलाही फार तर पाचवा हिस्सा पर्यटनाला खुला ठेवता येतो, बाकीच्या रानात आपली जिप्सी, म्हणजे सफारीची गाडी, जात नाही. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गाभ्यातलं पर्यटन काही काळ थांबवलं होतं, त्यानंतर आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतली ही मर्यादा आहे.

सगळ्यात चांगला महिना कोणता?

काय बघायचंय त्यावर आहे. वाघ हवा असेल तर एप्रिल-मे. पक्षी हवे असतील तर डिसेंबर-जानेवारी. फुललेलं रान हवं असेल तर विदर्भात फाल्गुन आणि सह्याद्रीत भाद्रपद. लहान मुलं बरोबर असतील आणि कुणाचे हाल व्हायला नको असतील तर नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी. एकच महिना सांगा असा हट्ट धरलात तर मी फेब्रुवारीचा शेवट म्हणेन: थंडी ओसरलेली, साग-ऐनाची पानं गळू लागल्यानं नजर आत पोहोचते, पळस पेटलेला, आणि परीक्षांमुळे गर्दीही कमी.

वाघ दिसेलच का?

खात्री देणारा माणूस भेटला तर त्याच्याकडून बुकिंग करू नका. २०२२ च्या गणनेत राज्यात ४४४ वाघांचा अंदाज आला. त्यातले बरेच चंद्रपूर जिल्ह्यात, त्यामुळे ताडोबात शक्यता सगळ्यात जास्त. तीन-चार फेऱ्या घेतल्या तर बहुधा दिसतो. पेंचमध्ये त्याहून कमी. मेळघाटात वाघ आहेत, पण डोंगर, खोल दऱ्या आणि दाट बांबू यांत ते गाडीवाटेवर क्वचितच येतात. मेळघाटला जाऊन वाघ दिसला नाही म्हणून चिडणाऱ्यांना माझं सांगणं असतं की तुमचं जंगल चुकलं, मेळघाटचं काही चुकलेलं नाही.

एक गोष्ट जरूर शिका: कॉल ऐकणं, म्हणजे वाघाची चाहूल लागल्यावर प्राणी देतात ती इशाऱ्याची हाक ओळखणं. उंचावरचं वानर खॅक-खॅक करू लागलं, चितळ शेपटी उभारून ओरडलं तर गाईड कान टवकारतो. पण वानर आणि चितळ कधीकधी उगाचही बिचकतात. सांबराचा तो एकेक भरदार 'ढाँक' आला की मात्र गाडी तिथेच थांबते. सांबर सहसा फसवत नाही.

मे महिन्यात विदर्भाचं ऊन झेपेल का?

खरं सांगायचं तर सगळ्यांना नाही. चंद्रपूर-ब्रह्मपुरी भागात पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं आहे, कधी ४७ लाही टेकतो. जिप्सी उघडी असते. सकाळची फेरी पहाटे सुरू होते, तीत पहिले दोन तास हवा सुखद असते. नऊनंतर झळा लागायला सुरुवात. दुपारची फेरी निघते तेव्हा सीटसुद्धा तापलेली असते. पंचा ओला करून डोक्याला गुंडाळा, पाणी भरपूर घ्या आणि घोटघोट पीत राहा, ताक किंवा पन्हं जवळ ठेवा. ज्यांना रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी फक्त सकाळची फेरी घ्यावी.

एवढं सोसून लोक जातात ते पाणवठ्यांसाठी. नाले आटलेले, गवत जळालेलं, झाडं बोडकी, आणि सगळ्या रानाला पाण्याच्या मोजक्या जागा उरलेल्या. काही ठिकाणी सौरपंपानं टाकी भरतात. अशा पाणवठ्यावर गाडी उभी करून गप्प बसलं तर तासाभरात अर्धं जंगल येऊन जातं: आधी मोर, मग चितळांचा कळप, रानडुकरं, एखादा रानगवा. वाघ येऊन पाण्यात मागच्या बाजूनं बसतो, तोंड बाहेर. इकडून तिकडे गाडी पळवणाऱ्यांपेक्षा एका जागी बसणाऱ्यांना मेमध्ये जास्त दिसतं, हे माझं ठाम मत आहे. गाईडला तसं सुरुवातीलाच सांगा, नाहीतर तो इतर गाड्यांच्या मागे जाईल, कारण बहुतेकांना तेच हवं असतं.

उन्हाळा म्हणजे नुसतं करपलेलं रान, असंही नाही. एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात आणि अस्वलं त्यांच्या वासावर येतात. बहावा पिवळाधम्मक होतो. कडईचं पांढरंफटक खोड निष्पर्ण रानात लांबून ओळखू येतं. मेच्या अखेरीस नवरंग पक्षी दाखल होतो आणि पावशा ओरडू लागतो, मग मृगाकडे डोळे.

बुद्धपौर्णिमेला मचाणावर बसता येतं म्हणतात, ते काय असतं?

वैशाखी पौर्णिमेच्या रात्री वनविभाग पाणवठ्याजवळच्या मचाणांवर पाहुण्यांना बसू देतो. याला निसर्गानुभव म्हणतात. मेळघाटात आणि विदर्भातल्या इतर जंगलांत दरवर्षी होतो. पूर्वी याच रात्री पाणवठ्यावरची प्रगणना होत असे. आता वाघांची मोजणी कॅमेरा ट्रॅपनं, म्हणजे रानात लावलेल्या आपोआप फोटो टिपणाऱ्या कॅमेऱ्यांनी होते, त्यामुळे तुमच्या वहीतल्या नोंदीवर राज्याचा आकडा ठरत नाही. दुपारी चढायचं, दुसऱ्या दिवशी सकाळी उतरायचं. मध्ये खाली उतरणं नाही, बोलणं नाही, अत्तर नाही, टॉर्च नाही. जागा मोजक्या असतात आणि भराभर संपतात. घोरणाऱ्या मित्राला नेऊ नका.

हिवाळ्यात वाघ दिसत नाही, मग जाण्यात काय अर्थ?

दिसतो. उलट हिवाळ्याच्या पहाटे दवानं भिजलेलं गवत टाळून तो मातीच्या रस्त्यावरून चालतो, आणि मऊ धुळीत पगमार्क, म्हणजे पंजांचे ठसे, ताजे मिळतात. ताडोबाच्या तळ्यावर धुकं असतं, ऊन वर आलं की मगरी काठावर पसरतात. तळ्याकाठी तारू देवाचं ठाणं आहे. गावचा प्रमुख तारू वाघाशी झुंजताना मेला आणि आदिवासींनी त्याला देव मानलं, अशी कथा. पौषात त्याची जत्रा भरत असे. ताडोबा हे नाव त्याचंच.

पण हिवाळ्याचं खरं जंगल माझ्या मते नवेगाव. इथलं बांधाचं तळं कोलू पाटील कोहळी यानं बांधलं असं मानतात. पूर्व विदर्भात तळी बांधण्यात कोहळी समाजाचा हातखंडा होता, गोंदिया-भंडाऱ्याला तळ्यांचे जिल्हे म्हणतात ते त्यांच्यामुळेच. थंडीत या तळ्यांवर चक्रवाक, तलवार बदक, पट्टकादंब अशी पाहुणी पाखरं उतरतात. राज्यातले उरलेसुरले सारसही बहुतांश याच जिल्ह्यात, जंगलात नव्हे तर धानाच्या बांध्यांमध्ये. म्हणून नवेगावला जाताना रस्त्यालगतच्या शेतांवरही लक्ष ठेवा. शेजारी नागझिरा आहे, २०१३ पासून दोन्ही मिळून एकच व्याघ्र प्रकल्प.

थंडीचे कपडे नीट न्या. विदर्भ म्हणजे ऊन, या समजुतीनं लोक पातळ जॅकेटवर येतात आणि उघड्या गाडीतल्या वाऱ्यानं कुडकुडतात. कानटोपी, हातमोजे, शाल, तिन्ही हवेत.

पेंचला रात्रीचं आकाश बघायला जातात ते कशासाठी?

जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंचला भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. गावांतले दिवे खाली तोंड करून बसवले, आकाशात जाणारा उजेड कमी केला. पौष-माघातल्या अमावस्येच्या आसपास गेलात तर मृग, व्याध, कृत्तिका दुर्बिणीशिवायही मनसोक्त बघता येतात. पौर्णिमेच्या शनिवार-रविवारी जाऊन तारे दिसले नाहीत म्हणू नका. दिवसा सफारी आणि रात्री आकाश, असा दोन मुक्कामांचा बेत नागपूरकरांना तर अगदी सोपा.

पेंच मध्य प्रदेशात आहे ना?

दोन्हीकडे आहे. नदी एक, जंगल एक, राज्यं दोन. मध्य प्रदेशाकडचं गेट बुक करून महाराष्ट्राकडच्या सिल्लारीजवळ हॉटेल घेणारे दरवर्षी सापडतात. आपल्याकडची गेटं सिल्लारी, खुर्सापार, चोरबाहुली वगैरे. बुकिंग करताना गेटाचं नाव दोनदा वाचा. जाता जाता राष्ट्रीय महामार्ग ४४ वरचे लांबलचक उन्नत पूल दिसतील. गाड्या वरून जातात, पण ते उंच बांधलेत प्राण्यांना खालून जाता यावं म्हणून. खालच्या कॅमेऱ्यांत वाघांची नोंद झाली आहे.

मेळघाटला नेमकं कधी जावं?

होळीच्या आसपास, जमलं तर. इथल्या कोरकू आदिवासींचा हा सगळ्यात मोठा सण. चार-पाच दिवस गावोगाव नाच चालतात आणि बायका-मुलं रस्त्यावर गाडी अडवून फगवा मागतात. सुटे पैसे जवळ ठेवा, हसून द्या. तेव्हाच पळस, पांगारा, सावर फुललेले असतात आणि सिपना नदीत अजून पाणी असतं. कोलकास आणि सेमाडोहचे मुक्काम याच नदीच्या परिसरातले. पक्षीवेड्यांसाठी रानपिंगळा हे मुख्य आकर्षण. शंभरावर वर्षं नाहीसा झाला असं मानला गेलेला हा पिंगळा १९९७ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, पुढे मेळघाटातही आढळला. तो दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसतो, त्यामुळे घुबड असूनही बघायला रात्र जागवावी लागत नाही. मात्र स्थानिक गाईड घ्या.

मोबाईलला रेंज मिळण्याची आशा परतवाडा सोडल्यावर हळूहळू सोडून द्या.

पावसाळ्यात सगळं बंद असतं ना?

व्याघ्र प्रकल्पांचे गाभे साधारण १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. रस्ते चिखलाचे होतात आणि रानालाही तेवढी उसंत मिळते. ताडोबाचे काही बफर भाग या काळातही पाऊसपाणी बघून सुरू ठेवतात. हिरवं रान, फुलावर आलेला साग आणि नशीब असेल तर भिजलेला वाघ. दिसेल कमी, पण गाड्याही कमी.

पावसाळ्यासाठी हक्काचं जंगल बोरिवलीचं. लोकलनं उतरून पोहोचता येतं हे त्याचं मोठं सुख. शंभरावर लेणी असलेल्या कान्हेरीला आषाढ-श्रावणात जा. लेण्यांशेजारी खडकात खोदलेल्या पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, आणि त्यांत पाणी नेणारे पन्हळ कोरड्या दिवसांत नुसते खड्डे वाटतात. पाऊस पडत असताना बघा, दोन हजार वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी पाण्याचा विचार किती बारकाईनं केला होता ते दिसतं. याच उद्यानातल्या डोंगरांचं पाणी विहार आणि तुळशी तलावांत जातं आणि मुंबईकर ते पितात. विहार तर १८६० च्या सुमाराचा. उद्यानाच्या आतल्या शिळोंडासारख्या पायवाटांसाठी परवानगी आणि गाईड लागतो. धबधब्यांत उतरायला बंदी आहे आणि ती योग्यच आहे.

कारवी कधी फुलते?

कारवी हे डोंगरउतारावरचं झुडूप, बोरिवलीच्या डोंगरांत ते आठ वर्षांनी एकदम फुलतं. २०१६ ला फुलली, २०२४ ला फुलली, म्हणजे पुढचा मोठा बहर २०३२ च्या पावसाळ्याच्या शेवटी. सह्याद्रीत प्रत्येक डोंगराचं चक्र वेगळं असतं, त्यामुळे अधल्यामधल्या वर्षीही कुठे ना कुठे जांभळा उतार सापडतो. शिवाय पाऊस सरता सरता, ऑक्टोबरमध्ये, याच उद्यानात फुलपाखरं ऐन भरात असतात. नीलवंत, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू, लिंबाच्या कुळातल्या झाडांजवळ शोधा.

चांदोलीत काय बघायचं? वाघ आहे का तिथे?

चांदोली आणि कोयना मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, पण अनेक वर्षं इथे वाघ म्हणजे कॅमेऱ्यात क्वचित उमटणारा पाहुणा. २०२५ च्या अखेरीस ताडोबाच्या भागातून वाघीण आणून इथे सोडण्यात आली. तिला बघायला म्हणून जाऊ नका, तिला निवांत राहू द्या. चांदोलीला जायचं ते सडे, कडे आणि वारणेच्या वसंतसागर जलाशयासाठी. झोळंबीचा सडा हा जांभ्याचा पठारी माळ, पावसाळा संपताना त्यावर इवल्याइवल्या फुलांचा थर असतो. गवे आणि अस्वलं आहेत, शेकरू आहे, आकाशात गरुड. पश्चिम घाटातल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यांत चांदोली आहे.

भर पावसात हे उद्यान बंद असतं. उघडल्या उघडल्या, ऑक्टोबरच्या उत्तरार्धात गेलात तर ओढे वाहते मिळतात, आणि जळवाही. मोज्यांत पँट खोचा, मीठ किंवा तंबाखूचं पाणी जवळ ठेवा. पाणवठ्यावरच्या 'सायटिंग'ची सवय असणाऱ्यांचा इथे हिरमोड होतो. ज्यांना चालायला आणि बघायला आवडतं त्यांना मी सहाही उद्यानांत हे पहिलं सुचवेन.

बुकिंग किती आधी करावं?

ताडोबाचा गाभा, त्यातही मोहर्ली आणि कोलारा गेट, दिवाळी, नाताळ आणि मेसाठी जितकं लवकर खुलं होईल तितक्या लवकर. शनिवार-रविवारी दर जास्त असतात, मधल्या वारी कमी. बुकिंगवर लिहिलेलं नाव आणि ओळखपत्र जुळलं पाहिजे. आयत्या वेळी मेहुण्याऐवजी भाच्याला बसवता येत नाही. जिप्सीत सहा प्रवासी, शिवाय चालक आणि गाईड. गाभ्यात जागा नसेल तर अगरझरी, देवाडा, जुनोना, मदनापूर असे बफरचे पर्याय बघा. बफर म्हणजे दुय्यम, ही समजूत जुनी झाली.

स्वतःची गाडी आत नेता येते?

व्याघ्र प्रकल्पांत सफारीसाठी नोंदणीकृत जिप्सीच घ्या. गाईड सक्तीचा आहे आणि तो हवाच. बहुतेक गाईड आजूबाजूच्या गावांतली मुलं-मुली आहेत. जामणीसारखी गावं उठून बाहेर गेली तेव्हा त्यांच्या शेतांची कुरणं झाली, आज तिथे चितळांचे कळप चरतात. गाईडच्या आजोबांचं घर कुठे होतं हे विचारा. वाघ न दिसलेली फेरीसुद्धा त्या एका गोष्टीनं भरून निघते. बक्षिशी फेरीच्या शेवटी द्या, वाघ दाखवण्याच्या अटीवर आधी कबूल करू नका. चालकावर दडपण येतं आणि गाडी नको तेवढी जवळ जाते.

मोबाईल का नेऊ देत नाहीत?

वाघाभोवती होणाऱ्या गाड्यांच्या गर्दीमुळे. कुठे वाघ दिसला की फोन जातो आणि दहा मिनिटांत वीस गाड्या. २०२४ च्या अखेरच्या दिवशी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्ही बाजूंनी कोंडलं, त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून घेतली. त्यानंतर मोबाईलबंदी अधिक कडक झाली. कॅमेरा चालतो, फ्लॅश नाही, ड्रोन तर मुळीच नाही.

आजी-आजोबांना नेलं तर चालेल?

चालेल, पण त्यांना मागच्या उंच सीटवर बसवू नका, धक्के तिथेच जास्त बसतात. फेरी साडेतीन-चार तासांची असते आणि स्वच्छतागृह ठरावीक जागीच मिळतं. कंबर धरणाऱ्यांसाठी दिवसाला एकच फेरी पुरे. गुडघे दुखत असतील तर कान्हेरीच्या पायऱ्या आणि चांदोलीचे चढ टाळा, नवेगावचं तळं उत्तम. अगदी लहान बाळाला मात्र मेमध्ये कुठेच नको.

एका वर्षात सहाही करायची आहेत. क्रम कसा लावू?

पावसाळ्यात बोरिवली, कारण तिथे एक रविवार पुरतो. ऑक्टोबर संपताना चांदोली, कराड किंवा कोल्हापूरवरून. डिसेंबर-जानेवारीत नवेगाव आणि पेंच एकाच दौऱ्यात, अमावस्या साधून. होळीला मेळघाट. एप्रिलच्या शेवटी ताडोबा. मुंबई-पुण्याच्या माणसाला यात विदर्भाच्या तीन वाऱ्या पडतात. त्या दोनवर आणण्यासाठी मेळघाट आणि ताडोबा जोडता येतात, पण मग होळी सोडावी लागते. मी सोडणार नाही.

जंगलाबाहेरच्या गावांत फिरताना काय पाळावं?

मार्च-एप्रिलमध्ये लोक पहाटे मोहफुलं वेचायला जातात, मेमध्ये तेंदूपत्ता तोडायला. चंद्रपूर-गडचिरोलीकडे वाघाचे हल्ले याच कामांत बरेच होतात. त्यामुळे "तुमच्याकडे किती छान वाघ आहेत" हे वाक्य गावात जपून वापरा. पहाटे एकटे फिरायला निघू नका, रिसॉर्टच्या मागचा ओढा म्हणजे बाग नव्हे. आणि मोहफुलं दिसली तर तुडवू नका, कुणाच्या तरी घरचा तो हंगाम असतो.

साप्ताहिक सुट्टी कधी असते?

ताडोबाचा गाभा मंगळवारी बंद, बोरिवली सोमवारी. इतरांचे वार बुकिंग करतानाच दिसतात.